वासराला कोण पाजतं?

श्रावणातली गोष्ट. संगमनेर तालुक्याच्या पठार भागात मी तेव्हा पशुवैद्यक म्हणून नेमणुकीवर होते. सकाळी सातला फोन आला. "मॅडम, जर्सीची कालवड हगवणीनं पार गळून गेलीय. एक वासरू परवा गेलं, हीबी जायची."

वासराची हगवण म्हटलं की आधी डोक्यात पांढरी हगवणच येते. चीक उशिरा पाजला असेल, दुसरं काय, असं म्हणत मी सलाइनच्या बाटल्या गाडीत टाकल्या आणि निघाले.

गोठ्यात शिरताच वास आला. पांढऱ्या हगवणीचा वास आंबूस असतो, हा कुजका होता. कालवड मान कुशीत घालून पडलेली. डोळे इतके खोल गेलेले की पापणीच्या आत करंगळीचं टोक बसलं असतं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर घडी तशीच उभी. मनात सहापर्यंत मोजलं, तेव्हा कुठे बसली. कान गार, पण थर्मामीटरमध्ये १०५. शेपटीखाली पिवळं पाणी, त्यात रक्ताच्या रेघा आणि आतड्याच्या अस्तराची साल निघावी तसे पांढरट पापुद्रे.

"किती दिवसांची?"

"अठरा."

तिथेच मी थांबले. पांढरी हगवण लावणारे ई. कोलाय जंतू वासराच्या आतड्याला धरून राहतात ते जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत. आतडं जून होत जातं तशी त्यांची पकड बसत नाही. कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवींमुळे रक्त पडतं, पण सहसा एवढा ताप येत नाही. अठराव्या दिवशी ताप, रक्त आणि हे पापुद्रे, म्हणजे सॅल्मोनेला या जंतूचा संशय घ्यायलाच हवा होता. दोन आठवड्यांपूर्वी बाजारातून नवी गाय आणल्याचं मालकांनी ओघात सांगितलं. गाय वरून धडधाकट दिसते, पण प्रवासाच्या ताणानं तिच्या शेणातून हे जंतू पडू लागतात.

आधी कालवड वाचवायची होती. वजन असेल चाळीसेक किलो, अंगातलं तीन लिटरच्या वर पाणी गेलेलं. शीर इतकी बसलेली की तिसऱ्या खेपेला सुई लागली. त्याआधीच शेणाचा नमुना घेऊन बर्फाच्या डब्यात ठेवला होता. अँटिबायोटिक दिल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू हाती लागतीलच असं नसतं.

दुसरी बाटली संपत आली तेव्हा हात धुवायला पाणी मागितलं. आजी तांब्या घेऊन आल्या. "पोरगी पडून हाय, न्हाईतर तिनंच आणलं असतं. वासरांचं समदं तीच बघती."

"काय होतंय तिला?"

"परवापास्न जुलाब. जत्रंत भेळ खाल्ली."

मी ओल्या हातांनी तशीच आत गेले. सात वर्षांची मुलगी खाटेवर, ओठ कोरडे, कपाळ तापलेलं. शौचातून रक्त पडलं होतं, हे तिनं आईला लाजून सांगितलंच नव्हतं. मला हळूच सांगितलं. उशाशी कोरा चहा आणि मेडिकलमधून आणलेली जुलाब बंद करणारी गोळी. बाहेर कालवडीला मी लिटर-लिटरनं पाणी देत होते आणि आत या पोरीला दोन दिवसांत धड दोन पेले पाणी गेलं नव्हतं. पोटात धस्स झालं. तास होऊन गेला होता मला त्या गोठ्यात येऊन, आणि वासरांना पाजतं कोण हे मी विचारलंच नव्हतं.

आता विचारलं. पोरीनं दोन बोटं पुढे करून दाखवली. बादलीतून प्यायला शिकवताना दुधात बोटं बुडवून वासराच्या तोंडात द्यायची, ते चोखू लागलं की हात हळूहळू दुधात खाली न्यायचा. तिनं मेलेल्या वासरालाही असंच पाजलं होतं. आजारी वासराच्या लाळेतही सॅल्मोनेला असू शकतो, आणि त्या बोटांनीच ती नंतर भाकर मोडायची.

गोळी बंद करायला सांगितली. रक्ताच्या जुलाबात आतडं थोपवून धरलं तर जंतू आतच राहतात. माझ्या बॅगेत ओआरएसची पाकिटं असतात, वासरांना तीच चालतात. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी घेऊन एक पाकीट तिथेच कालवलं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पिंपांतून हेच मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि पटकीचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आणले. साखरेबरोबर मीठ आणि मिठाबरोबर पाणी आतड्यात शोषलं जातं, हे वासरात आणि माणसात सारखंच आहे. पोरीनं चमच्या-चमच्यानं अर्धा पेला घेतला.

तिला लगेच दवाखान्यात पाठवलं आणि तिथल्या डॉक्टरांना फोन केला: गोठ्यात सॅल्मोनेलाचा दाट संशय आहे, पोरीचं शौच कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, पाठवा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, याचं मला फार बरं वाटलं. अँटिबायोटिक द्यायचं का, हे त्यांनी त्यांच्या तपासणीवर ठरवलं. ओआरएस आणि चौदा दिवस झिंक मात्र त्याच दिवशी सुरू केलं.

चार दिवसांनी प्रयोगशाळेत मी स्वतः प्लेट पाहिली. लालसर थरावर मधोमध काळ्या ठिपक्यांच्या वसाहती, माशाच्या डोळ्यांसारख्या. पुढच्या चाचण्यांत सॅल्मोनेला पक्का झाला. पोरीच्या नमुन्यातही तोच निघाला.

कालवड तिसऱ्या दिवशी उठून उभी राहिली. तिला वेगळं बांधलं, बादली वेगळी केली, जमिनीवर चुना मारला. मालक दूध तोडायला निघाले होते, त्यांना थांबवलं. आधीच सुकलेल्या जिवाला उपाशी ठेवून कसं चालेल? घरात धारोष्ण दूध प्यायची पद्धत होती, तीही बंद करायला लावली. आजींना हे पटायला वेळ लागला.

पंधरा दिवसांनी गेले तर पोरगी गोठ्याच्या दाराशी उभी, दोन्ही हात पाठीमागे बांधून. कालवड तिच्याकडे बघून हंबरत होती.

"आता हात लावू?"

बरं झालेलं वासरूही कित्येक आठवडे शेणातून जंतू टाकत राहतं. मी नमुन्याची बाटली उघडली आणि तिला सांगितलं, अजून नाही, हा रिपोर्ट येऊ दे.