तुम्ही विचारलंत म्हणून: औषधातलं काही कळत नाही, तरी दवाखान्यात मदतीला येऊ का?

साथ आली, देशावर मोठं संकट आलं की नागपूरच्या मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांत मदतीला यायला तयार असलेले पुष्कळजण हेच विचारतात. जरूर या. सिस्टरचे हात रुग्णासाठी मोकळे ठेवणं, एवढंच तुमचं काम, आणि ते फार मोठं आहे.

एप्रिल २०२१ मध्ये विशाखापट्टणमहून ऑक्सिजनचे टँकर रेल्वेने नागपुरात आले. पण टँकर आला म्हणजे खाटेपर्यंत ऑक्सिजन पोचला असं होत नाही. भरलेल्या जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर असतो. मिनिटाला १० लिटरने तो साडेअकरा तास पुरतो. ट्रॉलीवरचा छोटा १,५०० लिटरचा, म्हणजे अडीच तास. एक्स-रेच्या रांगेत तेवढा वेळ सहज जातो. म्हणून एक वही ठेवा: खाटेचा नंबर, सिलिंडर लावल्याची वेळ, मिनिटाला किती लिटर, कधी संपेल. तासभर आधी सिस्टरना सांगा. घोळ बहुतेकदा असा होतो की रात्री डॉक्टर ५ चे १० लिटर करतात, वहीत ५ च राहतात आणि सिलिंडर निम्म्या वेळात रिकामा होतो. तेव्हा सिलिंडरवरचा दाबाचा काटाही बघत जा. १५० वरून ७५ वर आला की अर्धा संपला. रुग्ण कितीही तळमळला तरी नॉब तुम्ही फिरवायचा नाही, हाक मारायची. तेलकट हात किंवा न वाळलेलं सॅनिटायझर घेऊन रेग्युलेटरला हात लावू नका, ऑक्सिजनमुळे ते पेट घेतं.

दुसरं काम दाराबाहेरचं. गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेले नातेवाईक आवारात दिवसचे दिवस बसून असतात. गोंडी येणारा एक माणूस तिथे चार जणांचं काम करतो. निरोप देताना आडनावावर जाऊ नका, एका वॉर्डात दोन मेश्राम असतातच. केसपेपरवरचा नंबर जुळवा. जेवले का, डबा पोचला का, डॉक्टर किती वाजता भेटतील, एवढंच सांगा. 'बरं आहे, काळजी करू नका' हे धीर द्यायलाही बोलू नका. वाईट बातमी डॉक्टरांनीच द्यायची.

रक्तदानाला पहिल्याच दिवशी सगळ्यांनी धावू नये. प्लेटलेट ५ दिवसच टिकतात आणि दिलेल्या पुरुषाला पुन्हा ९० दिवस, बाईला १२० दिवस देता येत नाही. गटवार यादी करून रोज थोड्यांना बोलवा.

पाळी चार तासांचीच घ्या. मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, पीपीई किटमध्ये पाणीही पिता येत नाही, आणि दमलेला माणूस किट काढतानाच चुकतो. हातमोजे आधी, मास्क सगळ्यात शेवटी, बाहेर आल्यावर. मात्र किट काढण्याआधी वही पुढच्या माणसाला द्या, त्याच्यासोबत खाटेखाटेवर जाऊन काटे बघा आणि मगच निघा.