उजवा हात प्लास्टरमध्ये, समोर मार्चएंड

प्लास्टर पुरतं वाळलंही नव्हतं, तेव्हाच मी डॉक्टरांना विचारलं, "कॉम्प्युटर चालवता येईल ना?"

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. घराजवळच्या वळणावर खडीवरून स्कूटी घसरली, पडताना मी उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, "बोटं हलवत राहा, ती आखडू द्यायची नाहीत. पण माऊस नको. मनगटावर ताण येतो."

मी सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत हिशेब सांभाळते. तिथून सहा आठवडे म्हणजे थेट मार्चची अखेर. व्याजाच्या तरतुदी, थकबाकीदारांच्या याद्या, नोटिसा, तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाकींचा मेळ), ताळेबंद, वर्षाचं सगळं वजन त्या दिवसांवर पडतं. रजा मागितली असती तर साहेब नाही म्हणाले नसते. पण त्या फायली माझ्याच हाताच्या होत्या आणि त्या अर्धवट टाकून घरी बसणं मला जमलं नसतं. चौथ्या दिवशी हात गळ्यात अडकवून कामावर गेले.

पहिली अडचण दारातच आली. आमच्या मशिनवर लॉगिन करण्याआधी कंट्रोल, अल्ट आणि डिलीट एकदम दाबावं लागतं. डावा हात कंट्रोल-अल्टवर ठेवला की डिलीट हातभर लांब. मी तशीच बघत बसले. तेवढ्यात आमचे वसुलीचे अण्णा उठून आले. तरुणपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची बोटं गेलेली, तेव्हापासून सगळं काम डाव्या हातानं. त्यांनी कीबोर्डाच्या उजव्या बाजूला डावा हात पसरला. करंगळी तिकडच्या अल्टवर, अंगठा तिकडच्या कंट्रोलवर, तर्जनी डिलीटवर. "असं करायचं, ताई. दोन दिवस बोटं दुखतील, मग सवय होते."

इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसते आणि ते रोज सकाळी हे करतात, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पुढे भाचीकडून कळलं की ही जोडणी मुळात एका हाताला जमू नये अशीच केलेली होती. १९८१ च्या आयबीएम पीसीवर काम करणाऱ्या डेव्हिड ब्रॅडली नावाच्या अभियंत्यानं ती बसवली. तिनं मशिन नव्यानं सुरू होत असे, म्हणून चुकून धक्का लागून दाबली जाऊ नये असा विचार त्यामागे होता. विचार बरोबरच होता. पण अण्णांसारख्या माणसाला त्याची किंमत रोज मोजावी लागते, हे ते सहा आठवडे नसते आले तर मला कधी उमगलं नसतं.

पहिले दोन दिवस मी माऊस डावीकडे घेऊन काम रेटलं. क्लिक कसंबसं जमायचं, पण बटण दाबून धरून ओढणं काही केल्या जमेना. एक्सेलमधली दीड हजार ओळींची ठेवीदारांची यादी निवडायची, तर चारशे-पाचशेपर्यंत गेलं की बोट सुटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खांद्यापासून मानेपर्यंत कळ आली. रात्री रडूही आलं.

रविवारी भाची आली. ती बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरच्या लॅपटॉपवर माझी धडपड तिनं पाच मिनिटं पाहिली आणि म्हणाली, "आत्या, माऊस उचलून कपाटात ठेव. आधी शिफ्ट पाच वेळा दाब."

मी दाबलं. एक चौकोन उघडला, स्टिकी कीज चालू करायचं का म्हणून. हो म्हटलं. आता कंट्रोल दाबून धरायची गरज नव्हती. कंट्रोल दाबायचं, सोडायचं, मग सावकाश सी दाबायचं. झालं कॉपी. दोन कळा एकदम धरण्याचं बंधनच सुटलं. कंट्रोल सलग दोनदा दाबलं तर ते अडकून राहतं, तिसऱ्यांदा दाबलं की सुटतं. माझ्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया ही एक सोय होती. ज्यांना एकच हात वापरता येतो, ज्यांची बोटं थरथरतात, संधिवातानं आखडतात, त्यांच्यापर्यंत ती पोचायला हवी असं मला मनापासून वाटतं. विंडोजमध्ये ती फुकट आहे आणि कित्येक वर्षांपासून आहे.

एमएस-सीआयटी मी फार पूर्वी केलं होतं. शॉर्टकटची यादी तेव्हा पाठ केली, परीक्षा दिली आणि वापर नसल्यामुळे विसरून गेले. या वेळी भाचीनं यादी द्यायला नकार दिला. "उद्या ऑफिसात जिथे अडशील तेवढंच मला विचार. रोज तीनच." मला वाटतं तिचं हेच बरोबर होतं. जी कळ गरजेच्या क्षणी हाताला लागते, ती डोक्यातून जात नाही.

सोमवारी ठेवीदारांच्या त्याच यादीशी पुन्हा बसले. पहिल्या घरात, म्हणजे सेलमध्ये जाऊन कंट्रोल, शिफ्ट, खालचा बाण, एकामागून एक दाबलं आणि दीड हजार ओळी एका क्षणात निवडल्या गेल्या. आदल्या आठवड्यात ज्यासाठी मान धरली होती, ते तीन टिचक्यांत. मी ते सोडून पुन्हा करून पाहिलं. नंतर स्तंभाच्या खाली अल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबलं, बेरीज हजर. घरातली रक्कम दुरुस्त करायला डबल क्लिकऐवजी एफ२. वरच्या घरातलं सूत्र खाली उतरवायला कंट्रोल-डी. आजची तारीख टाकायला कंट्रोल आणि अर्धविराम. ही तारीख तशीच राहते, दुसऱ्या दिवशी फाईल उघडली म्हणून बदलत नाही, आणि हिशेबात तेच हवं असतं.

कॉपी-पेस्टच्या कळा डाव्या हाताखालीच आहेत हे मला वरदानासारखं वाटलं. झेड, एक्स, सी, व्ही एका ओळीत, कंट्रोलच्या शेजारी. लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात कट-कॉपी-पेस्टची पद्धत बसवली आणि पुढे ॲपलच्या मशिनवर ती या शेजारच्या अक्षरांवर आली. टेस्लर २०२० मध्ये वारले.

खिडक्या बदलायला अल्ट-टॅब सगळ्यांना माहीत असतं, पण ते अल्ट धरून करावं लागतं. माझ्यासाठी कंट्रोल-अल्ट-टॅब सोयीचं ठरलं, कारण उघडलेल्या खिडक्यांचं चित्र समोर थांबून राहतं; बाणानं हवी ती निवडायची आणि एंटर. वेबसाईटवरचे फॉर्म टॅबनं पुढे, शिफ्ट-टॅबनं मागे, चौकटीत खूण करायला स्पेसबार, खाली उघडणाऱ्या यादीसाठी अल्ट आणि खालचा बाण. चुकून बंद झालेलं पान कंट्रोल-शिफ्ट-टी नं परत येतं. उजव्या क्लिकचा मेनू शिफ्ट-एफ१० नं.

एक चूक मात्र मोठी झाली असती. एका योजनेच्या कर्जांचा व्याजदर ११ चा १२ करायचा होता. कंट्रोल-एच दाबलं, शोधायला ११, बदलायला १२, आणि सगळे बदला. मला साधारण ८५ बदल अपेक्षित होते. संदेश आला, चारशेच्या वर बदल झाले. छातीत धस्स झालं. खाते क्रमांकांमधले, तारखांमधले, रकमांमधलेसुद्धा ११ बदलून गेले होते. कंट्रोल-झेड एकदा दाबलं आणि सगळं पूर्ववत झालं. त्या आकड्याकडे मी पाहिलं नसतं आणि फाईल जतन करून बंद केली असती तर काय झालं असतं, ते मनात आणवत नाही. तेव्हापासून माझा क्रम ठरला: आधी दराच्या स्तंभात जाऊन कंट्रोल-स्पेस, म्हणजे तेवढाच स्तंभ निवडला जातो, मग कंट्रोल-एच, त्यातल्या पर्यायांमध्ये पूर्ण घर जुळलं तरच बदल, ही खूण, आणि शेवटी किती बदल झाले तो आकडा वाचायचाच. वेगानं होणारं काम वेगानं बिघडतंही, म्हणून हे जरा विस्तारानं सांगितलं.

मराठी टायपिंगचा प्रश्न वेगळा. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कीबोर्डावर लिहिते. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताकडे अशी सुंदर वाटणी आहे, दोन हात आलटून पालटून चालतात. एकच हात असला की तीच वाटणी जड जाते. नुसतं 'कर्ज' लिहायला के, जे, मग पाय मोडण्यासाठी पार डावीकडे डी, पुन्हा उजवीकडे पी. नोटिशीचं एक पान लिहिताना हात विणकामाच्या धोट्यासारखा इकडून तिकडे जायचा.

यावर उपाय सापडला तो विंडोज-व्ही, म्हणजे विंडोजची कळ आणि व्ही. कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी त्यात राहतात. २०१८ पासून विंडोज १० मध्ये ही सोय आहे, पहिल्यांदा विंडोज-व्ही दाबून ती चालू करावी लागते. नोटिशीतली ठरलेली वाक्यं, 'महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ अन्वये' यासारखी, मी एकदा टाईप करून तिथे पिन केली. पिन केलेली मशिन बंद केलं तरी जात नाहीत. मग विंडोज, व्ही, बाण, एंटर. फक्त नाव, खाते क्रमांक आणि रक्कम तेवढी हातानं. दिवसाला आठ-दहा नोटिसा व्हायच्या तिथे तीस व्हायला लागल्या. पण पासवर्ड कॉपी केला तर तोही त्या यादीत बसतो. आमच्यासारख्या ठिकाणी काम संपलं की यादी साफ करायलाच हवी. आणि जागेवरून उठताना विंडोज-एल, म्हणजे मशिनला कुलूप. काउंटरपलीकडे लोक उभे असतात, पडद्यावर कुणाच्या तरी घामाच्या पैशांची माहिती असते.

इंग्रजी-मराठी बदलायला विंडोज-स्पेस होतंच.

प्लास्टर २६ मार्चला निघालं. मनगट लाकडासारखं ताठ, चेंडू दाबायचा व्यायाम सुरू झाला. माऊस पुन्हा टेबलावर आला, पण हात तिकडे जाईना.

३१ तारखेच्या रात्री तेरीज जुळत नव्हती. ३५० रुपयांचा फरक. दोघा-तिघांनी छापील कागदांवर टिका मारत दीड तास शोधलं. मी पिग्मीच्या, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीच्या यादीत रकमेच्या स्तंभात जाऊन कंट्रोल आणि खालचा बाण दाबला. ही उडी भरलेल्या घरांच्या शेवटी थांबते, म्हणजे यादीच्या तळाशी जायला हवी होती. ती ६११ व्या ओळीवरच थांबली. खालचं घर रिकामं. एका भाजीवाल्या मावशींची त्या महिन्याची जमा हातानं उतरवताना राहून गेली होती, बरोबर ३५० रुपये. चाकानं सरकवत पाहिलं असतं तर त्या गर्दीत एक रिकामा चौकोन डोळ्यांना दिसला नसता. साहेबांनी चहा सांगितला, साडेअकरा वाजले होते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी अण्णांच्या मशिनवर बसले. त्यांना विचारूनच. शिफ्ट पाच वेळा दाबून स्टिकी कीज चालू केलं. तिथे एक पर्याय असतो, दोन कळा एकदम दाबल्या तर ही सोय आपोआप बंद व्हावी असा. त्याची खूण मी काढून टाकली, कारण दुपारी त्यांच्या मशिनवर दुसरंही कुणी बसतं आणि सवयीनं दोन कळा एकदम दाबतं. माझ्याकडे तसं होऊन दोनदा सगळी घडी विस्कटली होती.

अण्णांनी कंट्रोल दाबलं, सोडलं, पी दाबलं. प्रिंटचा चौकोन उघडला. ते काही बोलले नाहीत, बंद करून पुन्हा एकदा केलं. मग म्हणाले, "ताई, ते 'शेतकऱ्यांना' मधलं र कसं काढता तुम्ही? माझं नेहमी डोक्यावर रफार येतो."

"शिफ्ट दाबून सोडा. आता जे. मग डी, आणि यासाठी प्रश्नचिन्हाची कळ, शिफ्ट न लावता."

पडद्यावर 'ऱ्य' उमटला. त्यांनी जुनी नोटीस उघडली, कंट्रोल-एच दाबलं आणि शोधायच्या चौकटीत रफाराचा शब्द टाकायला सुरुवात केली. सगळे बदला म्हणण्याआधी माझ्याकडे वळून विचारलं, "किती व्हायला पाहिजेत?" आम्ही दोघांनी मोजले. सात.