लेकरांना लिहावेसे वाटावे म्हणून

दुसरी-तिसरीच्या वह्या तपासताना एक गोष्ट मला सतत खटकते. ‘माझा आवडता प्राणी’ असा विषय दिला की वर्गातली सगळी लेकरे एकच निबंध लिहितात: गाय हा पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय असतात, ती आपल्याला दूध देते. फळ्यावरून उतरवून घेतलेला हा मजकूर शुद्ध असतो, अक्षरही बहुधा वळणदार असते. पण जी मुलगी रोज सकाळी दारातल्या शेळ्यांना पाला टाकून मगच शाळेत येते, तिचे स्वतःचे त्यात एक वाक्यही नसते. बीड जिल्ह्यातल्या केज-अंबाजोगाईच्या भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत लहान मुलांना शिकवताना माझे मत पक्के होत गेले आहे की, आपल्याजवळचे काही सांगायला मिळाले तरच लेकरू मनापासून पेन्सिल उचलते.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला लिहिणे हे आधी हाताचे कष्ट असतात. पेन्सिल घट्ट धरली जाते, बोटांची पेरे पांढरी पडतात, चार ओळींत मनगट दुखू लागते, आणि तोवर डोक्यातली गोष्ट निसटून जाते. म्हणून पहिलीत मी हात आणि गोष्ट यांची वाट काही दिवस वेगळी ठेवते. हातासाठी मातीत रेघोट्या, फरशीवर खडू, रांगोळीचे ठिपके आणि भरपूर चित्रे. गोष्टीसाठी मात्र लेकराने बोलायचे आणि मी लिहायचे. एकदा एका मुलीच्या घरची शेळी आदल्या रात्री व्याली होती. तिने सांगितले तसे मी फळ्यावर लिहीत गेले: “आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली. पांढरं लई उड्या मारायलंय. काळं दूध पेयना. मायनं त्याला बोटानं दूध पाजलं.” एरवी अक्षराला अक्षर जुळवताना अडखळणाऱ्या त्या मुलीने हा मजकूर बोट ठेवून सलग वाचला, कारण पुढचा शब्द कोणता हे तिला ठाऊकच होते. नंतर तिने चित्र काढले आणि त्याखाली ‘काळं’ हा एकच शब्द स्वतःच्या हाताने लिहिला. त्या दिवसापुरते तेवढे लेखन मला पुरेसे वाटले.

विषय शोधायला फार लांब जावे लागत नाही. प्रश्न मात्र नेमका विचारावा लागतो. येळवस म्हणजे वेळा अमावास्या; त्या दिवशी आमच्याकडे शेतात कडब्याची कोपी (खोपटे) करून तिच्यात पांडव म्हणून दगड पुजतात आणि तिथेच जेवतात. येळवशीनंतरच्या दिवशी “येळवस कशी साजरी केली ते लिहा” असे म्हटले तर पुन्हा सगळ्यांच्या वहीत एकसारख्या पाच ओळी येतात. त्याऐवजी “आंबिलाचं मडकं शेतापर्यंत कोणी नेलं?”, “कडब्याच्या कोपीत पांडव कुठं मांडले होते?”, “भज्जीत तुम्हाला न आवडणारं काय होतं?” असे विचारले की प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते आणि एका उत्तरातून दुसरे वाक्य निघत जाते. कोणाचा बैल बुजलेला असतो, कोणाची आजी सणाचे उंडे (पिठाचे गोळे) करताना रागावलेली असते. घरकामाचे विषय हलके असतात असे मानणाऱ्यांना मी गंगाखेडच्या जनाबाईंची आठवण करून देते. दळण, कांडण, झाडलोट, शेणी वेचणे या रोजच्या कामांतूनच त्यांचे अभंग उभे राहिले आहेत.

यानंतर प्रश्न येतो शुद्धलेखनाचा, आणि पालकांची सर्वांत मोठी काळजी तीच असते. मुलाने ‘आमी’, ‘मंग’, ‘व्हतं’ असे लिहिले याचा अर्थ त्याने कानाने ऐकलेला आवाज अक्षरांत नेमका पकडला आहे, आणि लिहायला शिकण्यातला हा अवघड टप्पा त्याने ओलांडला आहे. अशा वहीवर लाल पेनाने गोल काढत गेलो तर पुढच्या वेळी ते मूल आपल्याला ठाऊक असलेले दोन-चार निर्धोक शब्दच वापरते. मी आधी मजकुराला उत्तर लिहिते (“काळं पिल्लू आता दूध प्यायला लागलं का?”), आणि नंतर पूर्ण वर्गासाठी आठवड्याला एखादीच बाब घेते, कधी पूर्णविराम, कधी ‘म्ह’ आणि ‘व्ह’ची जोडाक्षरे. प्रमाण मराठी शिकवायचीच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, मात्र ती बोलीच्या शेजारी बसवून शिकवावी. बंजारा तांड्यावरून येणाऱ्या मुलांची घरची भाषा गोरमाटी असते. त्यांना पहिली गोष्ट त्यांच्याच शब्दांत, देवनागरीत, लिहू दिली तर मराठीकडे येण्याची भीती बरीच कमी होते.

लहान मुलांच्या पायाभूत वाचन-लेखन व अंकज्ञानासाठी जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असे उद्दिष्ट आहे. ते योग्यच आहे. परंतु शब्द मोजता येतात म्हणून शाळेचा बराचसा वेळ वाचनाकडे जातो आणि लेखन गृहपाठाच्या नकलेपुरते उरते.

लिहिलेले कोणीतरी वाचणार आहे, ही खात्री मुलाला सर्वांत जास्त बळ देते. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही लेकरे आईबापांसोबत फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात. मागे राहिलेल्या मुलांना मी दर आठवड्याला पत्र लिहायला बसवते आणि त्याचा फोटो पालकांच्या मोबाइलवर पाठवते. निबंधात तीन ओळींच्या पुढे न जाणारा एक मुलगा पत्रात पान भरून लिहितो: “माय, तू कोपीत भाकरी कशावर करायलीस? बाबाच्या हाताला कोयता लागला होता तो बरा झाला का? आजी मला लई बोलती.” ज्या आईला वाचता येत नाही तिला टोळीतले कोणी पत्र वाचून दाखवते, आणि रात्री तिच्या आवाजातले उत्तर फोनवर येते. ते मी वर्गात त्या मुलाला एकट्याला ऐकवते आणि त्यातले त्याला हवे तेवढे वहीत लिहून घ्यायला सांगते. फडावर कधी फोनचे चार्जिंग संपलेले असते, कधी रेंज नसते, कधी दिवसभराच्या मोळ्या बांधून माणसे थकून झोपलेली असतात. दोन पत्रांना उत्तर आले नाही की मूल तिसरे लिहायला तयार होत नाही. म्हणून उत्तर यायला उशीर झाला तर त्या पत्राला दुसऱ्याच दिवशी मी स्वतः उत्तर लिहिते, किंवा मुलाची हरकत नसेल तर त्याच्या शेजारी बसणाऱ्या लेकराला लिहायला सांगते.