आमचा फॅरामिर असा नव्हता

कुठल्याही लाडक्या फँटसी कादंबरीवर सिनेमा येतोय अशी बातमी आली की पहिल्या दिवशी आनंद आणि दुसऱ्या दिवसापासून भांडणं, हा क्रम इतक्यांदा बघून झालाय की मधला आनंदाचा दिवस हल्ली सुटूनच जातो. डायरेक्टर कोण, अमुक? बापरे. हिरो कोण, तो? संपलं सगळं. अजून एक शॉट लागलेला नसतो, कपडे शिवायला टाकलेले नसतात आणि इकडे लोकांचं सुतक सुरू. आणि मी हे लांब उभा राहून गंमत बघत सांगत नाहीये बरं का, मी त्या सुतकात पुढच्या रांगेत बसणाऱ्यांपैकी आहे.

आता हॅरी पॉटरच्या डोळ्यांचंच घ्या. पुस्तकात ते हिरवे आहेत, आणि नुसते हिरवे नाहीत, सातही पुस्तकांत अधूनमधून कोणी ना कोणी भेटतं आणि म्हणतं, दिसतोस अगदी वडिलांसारखा, पण डोळे आईचे. पहिल्या सिनेमाच्या वेळी डॅनियल रॅडक्लिफला हिरव्या कॉन्टॅक्ट लेन्स घालून बघितल्या, पोराच्या डोळ्यांना त्रास व्हायला लागला, मग ठरलं की राहू देत निळेच. बरोबरच आहे, अकरा वर्षांच्या पोराला काय रोज रडत शूटिंग करायला लावायचं का? फॅन मंडळींनीही हळूहळू ते पचवलं. पण शेवटच्या भागात, २०११ साली, हॅरीच्या मास्तरच्या, स्नेपच्या, आठवणींत हॅरीची आई लिली लहानपणीची दाखवली आणि तिचे डोळे चक्क ब्राउन! अरे, दहा वर्षं सगळे घसा फोडून सांगतायत की डोळे आईचे, डोळे आईचे, आणि आई दाखवायची वेळ आली तर हे? रंग कुठलाही घ्या हो, निळा घ्या, ब्राउन घ्या, पण माय-लेकरांचा एकच घ्या ना. बाहेरच्या माणसाला ही तक्रार फालतू वाटते, मला अजिबात वाटत नाही, कारण स्नेपसारखा खडूस माणूस मरताना हॅरीला सांगतो की माझ्याकडे बघ, ते काय उगाच सांगतो का, त्या डोळ्यांसाठीच तर सांगतो.

आणि शाळेचा हेडमास्तर डंबलडोर! चौथ्या पुस्तकात स्पर्धेसाठी नावं निवडणाऱ्या जादूच्या पेल्यातून, गॉब्लेटमधून, हॅरीचं नाव बाहेर येतं तेव्हा डंबलडोर त्याला शांतपणे विचारतो, बाबा रे, तू नाव टाकलंस का. शांतपणे असं तिथे स्वच्छ छापलंय. २००५ च्या सिनेमात डंबलडोर झालेला मायकल गॅम्बन तरातरा चालत येतो, पोराला धरतो आणि गदागदा हलवून जाब विचारतो. इतकी वर्षं झाली, मीम अजून चालूच आहेत, नवीन पोरांना सिनेमा माहीत नसेल पण मीम माहीत असतं. एका शब्दावरून केवढा तमाशा, असं म्हणणारे म्हणतात. पण कसंय, तो म्हातारा कुठल्याही परिस्थितीत शांत राहतो यावर तर आम्ही सहा पुस्तकं टेकून बसलो होतो, म्हणून मग जेव्हा तो खरंच घाबरतो तेव्हा आपल्याही पोटात गोळा येतो. इथे त्याने आधीच आरडाओरडा करून टाकला.

बरं, फॅन लोकांना काहीच चालत नाही असंही नाहीये, उलट काय काय चालतं ते बघितलं तर आश्चर्य वाटेल. लॉर्ड ऑफ द रिंग्जमधला टॉम बॉम्बाडिल डायरेक्टर पीटर जॅक्सनने अख्खाच्या अख्खा उडवला, पिवळे बूट घालून गाणी म्हणत फिरणारा अजब माणूस, ज्याच्यावर त्या भल्याभल्यांना नासवणाऱ्या जादूच्या अंगठीचा काडीचाही परिणाम होत नाही, तो सिनेमात नाहीच. थोडी कुरकुर झाली, मग सगळे म्हणाले जाऊ दे, त्याला बसवायचं तरी कुठे होतं. पॉटरमधलं पीव्ह्ज भूत तसंच, त्याचं तर शूटिंगही झालं होतं, रिक मेयलने काम केलं होतं, आणि एडिटिंगमध्ये ते सगळं गेलं. वाईट वाटलं, पण राग नाही आला. गाळलेलं माणूस डोक्यात जसंच्या तसं शिल्लक राहतं ना, त्याला कोणी हात लावलेला नसतो. खरी आग लागते ती माणूस ठेवून त्याचा स्वभाव बदलला की.

लॉर्ड ऑफ द रिंग्जमधल्या फॅरामिरचं तेच झालं आणि हे दुखणं मी २००२ पासून बाळगून आहे. पुस्तकातला प्रसंग असा आहे की धबधब्यामागच्या गुहेत ती अंगठी नष्ट करायला गुपचूप निघालेले फ्रोडो आणि सॅम त्याच्यासमोर बसलेत, बोलता बोलता सॅमच्या तोंडून अंगठीचं निघून जातं, आणि फॅरामिर उठून उभा राहतो, उंच, करारी, डोळे चमकतायत, गुहेतली बाकीची माणसं बोलायची थांबतात, हे दोघं घाबरून भिंतीला पाठ लावून तलवारीची मूठ चाचपायला लागतात. याच्याच सख्ख्या भावाने, बोरोमिरने, अंगठीसाठी फ्रोडोवर हात टाकला होता आणि आता हा. आणि मग तो माणूस परत खुर्चीत बसतो आणि हळूच हसायला लागतो. रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही, असं त्याने आधीच सांगितलेलं असतं आणि तो शब्द तो पाळतो. बस, एवढंच आहे, कुठे मारामारी नाही काही नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आधी श्वास रोखला गेला आणि मग असं वाटलं की जगात एक तरी धड माणूस आहे. लेखक टोल्किनने स्वतः एका पत्रात म्हटलंय की माझ्यासारखं कोणी असेलच तर तो फॅरामिर.

सिनेमात तो यांना पकडतो आणि अंगठीसकट ओस्गिलियाथ शहरात घेऊन जातो. शेवटी सोडतो, पण आधी नेतो! पटकथा लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं होतं की दोन सिनेमे आम्ही प्रेक्षकांना दाखवतोय की ही अंगठी भल्याभल्यांना नासवते, आणि मधेच एक जण येऊन मला नको म्हणाला तर अंगठीची भीतीच संपली. मुद्दा चुकीचा नाहीये, लॉजिक म्हणून मला तो पटतो, एक्स्टेंडेड एडिशनमध्ये त्याच्या बापाचा एक सीन आहे तो बघितल्यावर तर जरा जास्तच पटतो. पण पटणं वेगळं आणि आतून दुखायचं थांबणं वेगळं.

आणि आता स्वतःच्याच मुद्द्याला छेद देतो. बोरोमिर. पुस्तकात त्याची शेवटची लढाई आपल्याला दिसतच नाही, शिंगाचा आवाज ऐकून पुढे राजा होणारा ॲरागॉर्न धावत येतो तोवर तो बाण लागून झाडाला टेकलेला असतो, चार वाक्यं बोलतो आणि जातो. सिनेमात ती सगळी लढाई दाखवलीये, बाण लागतायत तरी तो उठतोय, परत उठतोय, आणि मरताना ॲरागॉर्नला माझा राजा म्हणतोय. यातलं बरंच पुस्तकात नाही. आणि एकही फॅन मला असा भेटलेला नाही ज्याला हे बदललेलं खटकलं, उलट पुस्तक पाठ असलेले लोक त्या सीनला डोळे पुसत असतात. म्हणजे "पुस्तकाशी प्रामाणिक राहा" असं जे आम्ही ओरडत असतो ते काही खरं नाही, निदान पूर्ण खरं नाही. आम्हाला डोक्यातला माणूस हवा असतो. सिनेमाने तो आणखी मोठा करून दिला तर वाक्य बदललं काय आणि प्रसंग बदलला काय, कोण बघतंय.

डोक्यातला माणूस ही फार नाजूक वस्तू आहे. एकदा का पडद्यावरचा चेहरा बघितला की आधीचा परत येत नाही. मी सिनेमाच्या आधी वाचलं होतं, माझ्या डोक्यात एक फ्रोडो नक्की होता, जरा वयस्कर, कारण पुस्तकात तो निघतो तेव्हा पन्नाशीचा आहे, पण तो दिसायचा कसा हे आता कितीही ताण दिला तरी आठवत नाही, एलायजा वुडच दिसतो. सिनेमावाल्यांनी मुद्दाम केलं नाही हे कळतं, पण गेलं ते गेलंच. जॅक्सनला निदान एक शहाणपण सुचलं, ॲलन ली आणि जॉन हाव या दोन चित्रकारांना त्याने न्यूझीलंडला बोलावून घेतलं. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर, कॅलेंडरांवर वर्षानुवर्षं त्यांचीच चित्रं येत होती, म्हणजे फॅन्सच्या डोक्यातलं मिडल-अर्थ, म्हणजे गोष्टीतलं ते जग, निम्मं यांनीच रंगवलेलं होतं. म्हणून तर पडद्यावर डोंगर, किल्ले, गँडाल्फ बघून लोक म्हणाले, अरे हेच की ते! हेच असणार, ज्याने तुमच्या डोक्यात काढलं त्यानेच पडद्यावर काढलंय.

चिडणाऱ्यांत खुद्द लेखक मंडळीही मागे नाहीत. १९५८ साली लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या एका सिनेमाचा आराखडा टोल्किनकडे आला होता, त्यावर त्याने जे लांबलचक पत्र लिहिलंय ते आजच्या कुठल्याही चिडलेल्या फॅनला लाजवेल असं आहे, ही मारामारी कशाला, आणि गरुड काय सारखे सारखे आणताय, एकेक सीन धरून धुतलाय. पुढे १९६९ मध्ये हक्क विकलेच म्हणा. मिखाएल एंडे तर आपल्याच पुस्तकावरच्या, १९८४ च्या नेव्हरएंडिंग स्टोरीवर इतका भडकला की कोर्टात गेला, आणि हरला. आणि अर्सुला ले ग्विनचा राग तर या सगळ्यांत सगळ्यात रास्त होता, तिच्या अर्थसीमधला जादूगार गेड तांबूस-तपकिरी कातडीचा, तिने तो विचार करून तसा लिहिला, आणि २००४ च्या टीव्ही मालिकेत त्याला सरळ गोरा करून टाकला. याला मी डोळ्यांच्या रंगाच्या रांगेत बसवणार नाही.

पण याचीच उलटी बाजू बघितली की मान खाली जाते. पर्सी जॅक्सनच्या २०१० च्या सिनेमात त्याच्या मैत्रिणीचे, ॲनाबेथचे, केस सोनेरी नव्हते म्हणून एवढा गोंधळ झाला की दुसऱ्या भागात ते केले. ठीक आहे, केसच ते. मग नव्या मालिकेसाठी एक कृष्णवर्णीय लहान मुलगी निवडली आणि लोक त्या पोरीच्या मागे लागले, इतके की लेखक रिक रायर्डनला जाहीरपणे ठणकावून सांगावं लागलं की ही निवड माझी आहे आणि प्रॉब्लेम तुमचा आहे. लहान पोरीला नेटवर वाट्टेल ते बोलणाऱ्याने आपल्या रागाला पुस्तकावरचं प्रेम म्हणू नये एवढंच.

एकदा मात्र फॅन्सचं सगळं ऐकलं गेलं असं मला वाटतं, आणि काय झालं बघा. वर्षानुवर्षं आमचं रडगाणं काय, तर हे गाळलं, ते गाळलं, वेळ कमी पडला. मग टोल्किनचाच हॉबिट आला. तीनेकशे पानांचं छोटंसं, पोरांसाठीचं पुस्तक, त्याचे २०१२ ते २०१४ मध्ये तीन सिनेमे काढले. घ्या, काही गाळत नाही! वर पुस्तकात नसलेली टॉरिएल नावाची एल्फ बाई, वर तिचं प्रेमप्रकरण, ते पण एका बुटक्याशी. सगळे पुन्हा भडकले, मी पण, आता म्हणे कापा.

मग सरळ वाचायचं आणि गप्प बसायचं असं का होत नाही? माझ्या एका मैत्रिणीने हाऊल्स मूव्हिंग कॅसल आधी बघितला, मियाझाकीचा, आणि पुस्तक नंतर वाचलं. पुस्तकातला हाऊल वेल्सचा, तिथे त्याची बहीण आहे, भाचरं आहेत, ते सगळं सिनेमात गायब, उलट युद्ध केवढं तरी वाढवलंय, म्हणजे बदलायचं म्हणजे किती बदलायचं याला काही सुमारच नाही. आणि ही बया पुस्तक वाचून मला म्हणते, छान आहे रे, पण हाऊल असा नाहीये! अगं, मूळ तोच आहे! पण नाही, तिच्या डोक्यात जो आधी शिरला तो खरा. लेखिका डायना विन जोन्स हिला स्वतःला सिनेमा आवडला होता, तरी हिची तक्रार मूळ पुस्तकाबद्दल.

म्हणून आता पॉटरची नवी मालिका येतेय, २०२३ लाच जाहीर झाली, तेव्हापासून मी वेगळीच मजा बघतोय. ज्यांनी सिनेमांना दहा-दहा वर्षं शिव्या घातल्या, हे गाळलं, तो ओरडला, डोळे निळे, तेच लोक आता म्हणतायत की आमच्या स्नेपला हात लावू नका, ॲलन रिकमनशिवाय स्नेप होऊच शकत नाही. पुस्तकातला स्नेप तिशीतला आहे हो! रिकमन पहिल्या सिनेमाच्या वेळी पन्नाशी ओलांडलेला होता, तेव्हा हेच वय तुम्हाला खटकत होतं ना? पण चूक कोणाची काढणार, मला तरी दुसरा कोणी दिसतोय का त्या काळ्या झग्यात.

बाकी सगळं मी माफ करायला तयार आहे, फॅरामिरसुद्धा, पण शायरचा, म्हणजे फ्रोडोच्या गावाकडचा, शेवट नाही. पुस्तकात फ्रोडो, सॅम, मेरी आणि पिपिन हे चौघं जग वाचवून घरी येतात तर घरच लुटलेलं, झाडं कापलेली, सारुमान या दुष्ट जादूगाराची माणसं गावावर बसलेली, आणि मग मेरी-पिपिन गाव उठवतात आणि फ्रोडो मात्र कोणाला मारू नका म्हणत फिरतो. हे सगळं कशासाठी चाललं होतं ते मला तिथे कळलं होतं. सिनेमात गाव जसंच्या तसं, पबमध्ये लोक भोपळ्याचं कौतुक करतायत. आता कोणी म्हणेल की आधीच तीन तास वीस मिनिटांचा सिनेमा आहे, अकरा नॉमिनेशन्सना अकरा ऑस्कर मिळालेत, अजून किती ताणणार. मान्य. पण त्याच सिनेमात एक शेवट झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा, पडदा काळा होतो, लोक उठायला लागतात आणि परत सुरू होतं, तर त्यातला पलंगावर उड्या मारत हसण्याचा जो स्लो मोशनमधला शेवट आहे ना, तो कापला असता तर काय बिघडलं असतं?