ऑप्शन फॉर्ममधला तिसरा नंबर

इंजिनिअरिंगच्या पहिल्या कॅप राऊंडसाठी, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीसाठी, पसंतीक्रम भरायचा तो शेवटचा दिवस होता. तालुक्याच्या गावातल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात जून ते ऑगस्ट मी प्रवेश मार्गदर्शनाच्या टेबलावर असतो. दुपारी एक मुलगी आणि तिचे वडील आले. दोन म्हशी, तीन एकर जमीन, मुलीला एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत त्र्याण्णवच्या आसपास पर्सेंटाईल. वडिलांच्या हातात लॅमिनेट केलेला एक कागद होता. एका 'अ‍ॅडमिशन गायडन्स'वाल्याने पैसे घेऊन काढून दिलेली कॉलेजांची यादी.

"एवढी भरलीय का नीट तेवढं बघा सर," ते म्हणाले.

यादीत चाळीसेक नावं. पहिल्या ओळीत आमच्याच जिल्ह्यातलं एक खासगी कॉलेज, कॉम्प्युटर. पहिल्या पाच ओळींत त्याच कॉलेजच्या तीन शाखा. समोर लाल पेनाने लिहिलं होतं, '१००% मिळणार'. ते अगदी खरं होतं, आणि घोळ तिथेच होता.

2025-26 च्या प्रवेशात चार कॅप राऊंड झाले आणि त्यांच्यासोबत ऑटो फ्रीझचा नियम आला. पहिल्या राऊंडमध्ये पहिल्या नंबरचा पर्याय मिळाला, तर तो घ्यावाच लागतो आणि तुमच्यासाठी पुढचे राऊंड संपतात. दुसऱ्या राऊंडमध्ये हेच पहिल्या तीन पर्यायांना लागू होतं, तिसऱ्यात पहिल्या सहांना. अशा ऑटो फ्रीझ झालेल्या जागेवर रिपोर्टिंग केलं नाही, म्हणजे कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का केला नाही, तर कॅपच्या उरलेल्या राऊंडमधून बाहेर. म्हणजे त्या कागदाप्रमाणे फॉर्म गेला असता, तर त्र्याण्णवची ही मुलगी पहिल्याच राऊंडला घराजवळच्या अशा कॉलेजात अडकली असती, जिथे तिच्यापेक्षा कितीतरी कमी पर्सेंटाईलवाल्यांना शेवटच्या राऊंडपर्यंत जागा मिळत होत्या. 'मिळणारं' कॉलेज वर टाकायचं, म्हणजे पालक खूश आणि सल्लागाराचा शब्द खरा. पैसे घेऊन अशा याद्या विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

फॉर्म भरलेला होता, कन्फर्म केलेला नव्हता. पण लॉगिन होईना. पासवर्ड घरात कोणाला ठाऊक नाही, आणि नवीन पासवर्डसाठीचा ओटीपी जात होता नेट कॅफेवाल्याच्या मोबाईलवर, कारण नोंदणी करताना त्याने स्वतःचाच नंबर टाकलेला. हे दरवर्षी होतं. कॅफेवाल्याला काम पटापट उरकायचं असतं आणि पालकांना वाटतं, नंबर कोणाचा का असेना. पुढे जागा मिळाल्याचे, मुदतीचे, शिष्यवृत्तीचे सगळे मेसेज त्याच फोनवर जातात आणि तो ते कोणाला कळवत नाही. त्याला फोन लावून ओटीपी विचारला, आत शिरलो, पासवर्ड बदलला आणि तिच्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला.

मग यादी पहिल्यापासून. पर्याय तीनशेपर्यंत देता येतात, त्यामुळे जागेची कंजुषी करायचं कारणच नाही. कट-ऑफ, म्हणजे मागच्या वर्षी शेवटची जागा कुठे बंद झाली तो आकडा, वाचायला मात्र फार कमी जणांना येतं. प्रवेश घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या यादीत प्रत्येक चौकटीत वर मेरिट नंबर आणि खाली कंसात पर्सेंटाईल असतो. मेरिट नंबर मागच्या वर्षाशी ताडून बघू नये, परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या बदलली की तोही बदलतो. पर्सेंटाईल बघायचा, आणि तोही आपल्याच रकान्यातला. GOPENS, LOBCH अशी अक्षरं असतात: सुरुवातीचा G म्हणजे सर्वसाधारण, L म्हणजे मुलींसाठी राखीव, मध्ये प्रवर्ग, शेवटी H म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतले, O म्हणजे हद्दीबाहेरचे, S म्हणजे राज्यस्तर. संलग्न कॉलेजांत सत्तर टक्के जागा हद्दीतल्यांना असतात. सोलापूर विद्यापीठाच्या हद्दीतून बारावी झालेल्या मुलीने पुण्यातल्या संलग्न कॉलेजचा H चा आकडा बघून हुरळून जाण्यात अर्थ नाही, तिचा रकाना O चा. चौकट रिकामी असली, तर तिथे जागा सहज मिळते असं कोणी समजू नये. त्या प्रवर्गात त्या टप्प्यावर वाटप झालं नाही, एवढंच ती सांगते.

ही मुलगी इतर मागास प्रवर्गातली. तिचा विचार आधी खुल्या जागेसाठी होतो, मग प्रवर्गाच्या, आणि मुलगी म्हणून L च्या जागांसाठीही. एका पर्यायासाठी चार रकाने बघावे लागतात. कॅफेवाल्यांच्या यादीत एकच बघितलेला असतो, बहुतेक वेळा GOPEN.

आणखी एक अडचण अलीकडची. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, 2024 पासून चांगल्या संस्थांना एका शाखेत किती जागा घ्यायच्या यावरची मर्यादा काढली. खासगी कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या. त्यामुळे त्या शाखेचे जुने कट-ऑफ आहेत त्यापेक्षा भीतिदायक दिसतात. जागांचा ताजा तक्ता उघडून तीन-चार वर्षांत जागा किती वाढल्या ते बघितल्याशिवाय 'हे आपल्याला नाही मिळायचं' म्हणू नये.

तिच्यासाठी वर पुण्याचं सीओईपी आणि मुंबईचं व्हीजेटीआय या नावाजलेल्या कॉलेजांच्या शाखा टाकल्या. मिळायची शक्यता जवळजवळ नाही, पण वर टाकायला काही लागत नाही, आणि पहिल्या राऊंडला अडकण्याची भीती त्यामुळे जाते. त्याखाली तिच्या पर्सेंटाईलपेक्षा तीन-चारने वर बंद झालेली, मग आसपासची, मग खात्रीची. खात्रीची तळाला, पण टाकायचीच, आणि तीही जिथे खरंच जाऊ अशीच. लॅमिनेटवाल्या कागदावरचं पहिलं कॉलेज आमच्या यादीत शेवटून दुसरं आलं.

खर्चाचं गणित वडिलांसमोर मांडलं, तेव्हा ते पहिल्यांदा मोकळे झाले. त्यांची समजूत होती की सरकारी म्हणजे फुकट आणि खासगी म्हणजे लाखभर. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. खासगी कॉलेजातही. अट एकच मोठी, प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सवलत गेली. पण माफ होतं ते शिक्षण आणि परीक्षा शुल्कच. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, बस हे खिशातूनच. तिच्या मनातलं पुण्यातलं कॉलेज धरलं, तर राहण्या-खाण्यासकट वर्षाला लाखाच्या वर जात होतं. कराडच्या सरकारी कॉलेजात याच्या निम्म्याहून कमी.

त्या लॅमिनेट कागदावर टीएफडब्ल्यूएसचे, म्हणजे शेवटी T असलेले, बरेच कोड होते. शुल्कमाफीच्या या पाच टक्के जादा जागा आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नगटासाठी असतात आणि त्यांचा कट-ऑफ त्याच शाखेच्या साध्या जागेपेक्षा बहुतेक वर चढतो. खुल्या गटातल्या मुलाला ही योजना मोलाची आहे. या मुलीचं शुल्क तसंही माफ होत होतं, तिला त्यांचा उपयोग शून्य.

गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्त्यांकडे मुलं वळतात तेव्हा उशीर झालेला असतो, कारण बारावी बोर्डाकडे त्यांनी पाठ फिरवलेली असते. कॅपसाठी खुल्या गटाला पंचेचाळीस आणि राखीवला चाळीस टक्के पुरतात, त्यामुळे क्लासवालेच सांगतात, बोर्डाचं टेन्शन घेऊ नका. हा सल्ला गरीब घरच्या मुलांना फार महाग पडतो. केंद्र सरकारच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीला बोर्डाच्या आपल्या शाखेतल्या वरच्या वीस टक्क्यांत असावं लागतं, उत्पन्न साडेचार लाखांच्या आत, आणि पहिली तीन वर्षं दरसाल 12,000 रुपये मिळतात. एआयसीटीईची मुलींसाठीची 'प्रगती' वर्षाला 50,000 देते, उत्पन्नमर्यादा आठ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, आणि निवड गुणवत्ता यादीने. रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती पूर्ण अभ्यासक्रमात मिळून दोन लाखांपर्यंत जाते. त्या शिष्यवृत्तीला बारावीचे साठ टक्के लागतात आणि वर त्यांची ऑनलाईन चाचणी. या मुलीला बोर्डात चौऱ्याऐंशी टक्के होते. कोणी सांगितलं नव्हतं, तिने स्वतःहून अभ्यास केला होता.

पण सरकारी योजना एकावर एक घेता येत नाहीत. शुल्कमाफी घेतली की 'प्रगती' नाही, 'प्रगती' घेतली की शुल्कमाफी नाही. खासगी कॉलेजात लाखाच्या घरातलं शिक्षण शुल्क माफ होणं केव्हाही भारी. सरकारी कॉलेजात मात्र शिक्षण शुल्क मुळातच कमी, तिथे रोख पन्नास हजारांतून ते भरून मेसही निघते. म्हणजे कॉलेज कोणतं यावर शिष्यवृत्ती ठरते, आणि हा हिशोब पसंतीक्रम भरण्याआधी करायला हवा. बहुतेक घरांत तो ऑक्टोबरात होतो, महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलची तारीख तोंडावर आली की.

कागदांचंही त्याच दिवशी बघून घेतलं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा आणि चालू वर्षाचा, नॉन-क्रिमीलेयरची मुदत, जात वैधता, बँक खात्याला आधार जोडलेलं, आधारवरचं आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरन् अक्षर एकच. तिच्या आधारवर वडिलांचं नाव अर्धंच होतं. दुसऱ्या दिवशी आधार केंद्रात जायला सांगितलं आणि ते गेलेही. या एका कारणाने पैसे अडकलेली मुलं मी दरवर्षी बघतो, आणि कॉलेजचा लिपिक 'वरून रिजेक्ट झालंय' यापलीकडे काही सांगत नाही.

पहिल्या राऊंडला तिला नववा पर्याय मिळाला. तो हातात ठेवून बेटरमेंट घेतलं, म्हणजे पुढच्या राऊंडला वरच्या पर्यायासाठी थांबायचं ठरवलं. दुसऱ्या राऊंडला पसंतीक्रम नव्याने भरायचा असतो, आणि मी अजून ज्याचा विचार करतो ते इथे झालं.

तिला पुण्याचं कॉम्प्युटर हवं होतं. वडिलांना कराडचं इलेक्ट्रिकल. पुण्याचे दोन पर्याय वर आणि कराड तिसरं, असं वडील म्हणत होते. मी सांगितलं, वरचे सीओईपी-व्हीजेटीआय तसेच राहू द्या, कराड सातवं येईल. दुसऱ्या राऊंडला मिळालं तरी ऑटो फ्रीझ होणार नाही, जागा हातात राहील आणि तिसऱ्या राऊंडला पुण्यासाठी थांबता येईल. चांगली जागा मिळाली तरच आधीची सुटते, न मिळाल्यास आहे ती कायम राहते. वडील ऐकून घेत होते, पण त्या यादीवाल्याने त्यांच्या डोक्यात घातलं होतं की बेटरमेंट घेतलं की हातची सीट जाते. वेबसाईटवरचा नियम इंग्रजीत, तोही लांबलचक वाक्यांचा. मी तो मराठीत वाचून दाखवला. ते म्हणाले, "सर, तुम्ही खरं सांगताय. पण कॉम्प्युटरवर काय होईल ते कुणाला ठाऊक? कराड मिळालं की तिथंच थांबायचं. तिला होस्टेल बघायचंय, मला पैशाची जुळणी करायचीय."

मुलगी काही वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच वरच्या ओळी काढल्या आणि कराड तिसऱ्या नंबरवर आणलं. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "असू दे सर, मला चालेल."

दुसऱ्या राऊंडला कराड मिळालं. तिसरा नंबर, ऑटो फ्रीझ. तिसऱ्या राऊंडची यादी लागली तेव्हा मी पुण्याच्या त्या कॉम्प्युटरचा तिच्या प्रवर्गातला आकडा बघितला. तिच्या पर्सेंटाईलच्या खाली गेला होता.

आमचे गणिताचे सर म्हणतात, नियमच वाईट आहे, मुलांच्या हातून निवड काढून घेतो. मला ते पटत नाही. जागा अडवून शेवटच्या दिवशी सोडणाऱ्यांमुळे आधी खालच्या मुलांचं फार नुकसान व्हायचं, त्यावर काहीतरी हवंच होतं. माझी तक्रार इतकीच आहे की हा नियम ज्याला नीट माहीत आहे त्याला तो अडवत नाही. वर चार अशक्य पर्याय टाकले की मोकळा. अडकतात ती मनात आहे तेवढंच सरळ लिहिणारी घरं, आणि ती बहुतेक पहिल्या पिढीची असतात. कन्फर्मचं बटण दाबण्याआधी स्क्रीनवर मराठीत दोन ओळी आल्या असत्या, की 'यातले पहिले तीन पर्याय मिळाल्यास तुम्हाला पुढच्या राऊंडला जाता येणार नाही, बाकीचे मिळाल्यास जाता येईल आणि मिळालेली जागा तुमचीच राहील', तर वडिलांना माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज पडली नसती.

आणि वडील चुकले असंही मला म्हणता येत नाही. मुलगी कराडच्या वसतिगृहात आहे, 'प्रगती'चा अर्ज गेलाय, नाव यादीत आलं तर घरून जवळजवळ काही द्यावं लागणार नाही. पुण्याला चार वर्षांत चार-पाच लाख गेले असते, आणि म्हशी दोनच आहेत. इलेक्ट्रिकल तिला आवडायला लागलंय असं ती फोनवर म्हणाली. दुसऱ्या सत्रात प्रोग्रॅमिंगचा जादा कोर्स लावू का, हेही तिने त्याच फोनवर विचारलं. लाव म्हटलं.