कीमून, नोंद सातवी: चहा निर्दोष, साक्षीदार तुरीची डाळ

गेले पंधरा दिवस ज्या चहाला मी नावं ठेवत होते, त्याची आज माफी मागते. हाओ या बी, म्हणजे कीमून या चिनी लाल चहाची (आपण त्याला काळा म्हणतो) एक प्रत, निर्दोष आहे. गुन्हेगार सापडला, आणि तो ओट्याशेजारच्या भिंतीवर टांगलेला होता.

मागची नोंद वाचलेल्यांना आठवत असेल: ५० ग्रॅमचं पाकीट, वसंतातली तोड, पानं बारीक, काळीभोर, पिळदार, मधूनमधून सोनेरी टोकं. कोरड्या पानाला नाक लावलं की मनुका आणि कोको. आणि कपात? मचूळ. दुसरा शब्द नाही. रंग काळपट तपकिरी, वास भिजलेल्या पुठ्ठ्याचा, जिभेवर मधेच कुठेतरी तुरटपणा येऊन बसलेला, आणि घोट गिळल्यावर मागे काहीच नाही. ज्या गुलाबासाठी कीमून घ्यायचा, तो गुलाब गायब.

मग सुरू झाले नेहमीचे उद्योग. ९५ अंशांवरून ९० वर आले, तिथून ८५ वर. १०० मिलीच्या गायवानमध्ये (झाकणाचा चिनी कप) ४ ग्रॅम टाकायचे ते साडेपाच केले. चहा कडू झाला, मचूळपणा जागच्या जागी. पहिला स्टीप, म्हणजे पान पाण्यात ठेवायची पहिली फेरी, पाच सेकंदांवर आणला. पान धुऊन पाहिलं, न धुता पाहिलं. गायवानला वास बसलाय की काय म्हणून तो सोड्याने घासला. शेवटी यीशिंगची मातीची किटली काढली, जी मी दोन वर्षांपूर्वी हौसेने घेतली आणि तेव्हापासून पस्तावतेय. माझं ठाम मत लिहून ठेवते: कीमूनसारख्या हलक्या, वरच्या सुरातल्या वासाच्या चहाला सच्छिद्र माती नको. ती आधी स्वतः पिते, मग तुम्हाला देते. तीनशे रुपयांचा पातळ पांढरा गायवान हजारपट बरा. बोटं भाजतात ती भाजू देत.

किटलीवरून आठवलं. माझी तापमानवाली वीजकिटली उकळी आली की १०० चा आकडा दाखवते. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. म्हणजे बाई दोन अंशांची थाप मारतात. यापुढे मी लिहीन ते सगळे आकडे वेगळ्या थर्मामीटरने घेतलेले आहेत.

या सगळ्यात एक गोष्ट मला चुकीच्या दिशेला घेऊन गेली. त्याच आठवड्यात त्याच पाण्यात केलेला दियानहोंग, म्हणजे युन्नानचा लाल चहा, ठीक लागला. भाजलेल्या रताळ्याचा वास, दणकट, गोडसर. त्यावरून मी निष्कर्ष काढून मोकळी: पाणी बरं आहे, कीमूनच शिळा आहे. आता कळतंय की तुलनाच चुकीची होती. युन्नानचा चहा मोठ्या पानाच्या जातीचा, म्हणजे आपल्या आसामचाच भाऊबंद. अंगात मुळातच इतका मालमसाला की पाण्याने थोडा खाल्ला तरी उरतो. कीमून जिथला, त्या छीमनचं पान छोटं, आणि त्याची सगळी मिजास वासावर. त्या वासाला चीनमध्ये ‘छीमन श्यांग’ असं स्वतंत्र नावच आहे. त्यात जेरॅनिऑलचा वाटा मोठा; गुलाबाच्या वासातही तेच असतं. मजा अशी की दोन्ही चहांमध्ये एक माणूस समान आहे: आधी छीमनमध्ये काम केलेले फंग शाओछ्यू युद्धामुळे १९३८ मध्ये युन्नानला गेले आणि आज ज्याला फंगछिंग म्हणतात तिथे त्यांनी मोठ्या पानांचा लाल चहा करून पाहिला. तोच दियानहोंग. भाऊ म्हणून एकाच्या साक्षीवर दुसऱ्याला शिक्षा करायची नसते, हे मला सुचायला हवं होतं.

तर मी विक्रेत्याला तक्रारीचं पत्र लिहिलं. फोटोसकट. त्याने अत्यंत नम्रपणे एकच प्रश्न विचारला: पाणी कुठलं वापरता? मला राग आला. आरओचं वापरतो, आणखी कुठलं! मशिनवर आकडा दिसतो ना, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ३५. तोच आकडा फुशारकीने कळवला.

आता डाळीकडे येते.

सासूबाई आठवडाभर कुरकुरत होत्या की तुरीची डाळ शिजत नाहीये. कुकरच्या तीन शिट्ट्यांचं काम पाच शिट्ट्यांवर गेलं तरी वरणात दाणे तरंगतायत. दुकानदाराने जुनी डाळ गळ्यात मारली असं त्यांचं म्हणणं. मी हो हो करत चहाचे सेकंद मोजत होते. परवा त्यांनी नवीन दुकानातून नवीन डाळ आणली, तीही शिजेना. तेव्हा त्या सहज बोलून गेल्या, “अगं, आमच्या बार्शीला विहिरीच्या पाण्यात अश्शीच व्हायची. जड पाणी.”

मी गायवान हातात घेऊन तशीच उभी. आमच्याकडे स्वयंपाकही आरओच्या पाण्यातच होतो. म्हणजे डाळ आणि कीमून एकाच माठातलं पाणी पितात.

हातात धरायचा टीडीएस मीटर शोधला तर त्याचा सेल दिवाळीपासून मेलेला. पण रविवारी भाचा आला होता, त्याच्याकडे माशांच्या टाकीचं किट असतं. तो म्हणाला, “मावशी, टीडीएस नुसतं ‘किती’ सांगतं, ‘काय’ ते नाही सांगत. केएच मोज.” केएच म्हणजे पाण्याची क्षारता. पाच मिली पाण्यात थेंब थेंब टाकत जायचे, निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं. एक थेंब म्हणजे एक अंश, म्हणजे लिटरला जवळपास १८ मिलिग्रॅम क्षारता. नळाचं पाणी: ११ थेंब. एप्रिलपासून आमच्या सोसायटीत टँकर आणि बोअरचं मिश्रण येतंय, त्यामुळे याचं नवल नाही. आरओचं पाणी: मी एक किंवा दोन म्हटलं होतं. तिसरा थेंब निळा. चौथा निळा. सातव्याला पिवळं झालं.

सात! म्हणजे लिटरला सव्वाशे मिलिग्रॅम. हे आरओ नव्हे, गाळलेली बोअर.

मशिनचं झाकण उघडल्यावर उलगडा झाला. महिन्यापूर्वी सर्व्हिसिंग झालं होतं. आत टीडीएस कंट्रोलर असतो: मेम्ब्रेनमधून (आरओच्या मुख्य गाळणीतून) आलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळण्यासाठी, चवीपुरतं. त्याचा स्क्रू पूर्ण उघडा होता. माणसाने भल्यासाठीच केलं असेल. ‘पाणी गोड लागत नाही’ अशी तक्रार बरेच जण करतात म्हणे. आणि पुढच्या पडद्यावरचा तो ३५? तो मेम्ब्रेनच्या लगेच पुढचा. मिसळण त्याच्यानंतर होते. जो आकडा मी महिनाभर अभिमानाने बघत होते, तो मी पितच नव्हते.

पुरावे तर समोर पडलेले होते. किटलीच्या तळाला पांढरा थर. तो मी दर शनिवारी सायट्रिक ॲसिडने धुऊन टाकत होते, म्हणजे स्वतःच्याच हाताने पुरावा नष्ट. थंड होत आलेल्या कपावर तेलकट, भेगाळणारी साय. १९९३ मध्ये मायकेल स्पायरो आणि देओग्रेशियस जगन्यी यांनी लंडनमध्ये या सायीचाच अभ्यास केला होता: ती धरायला पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही लागतात. माझ्याकडे दोन्हींची रेलचेल. आणि रंग! क्षारयुक्त पाण्यात चहाला रंग देणारे थिआरुबिजिन गडद होतात. म्हणून लिंबू पिळलं की कोरा चहा झटकन उजळतो. उरलेल्या मचूळ कपात एक थेंब लिंबू टाकलं. काळपट तपकिरीचं तांबूस नारिंगी झालं, डोळ्यांदेखत. पिववत मात्र नव्हता.

स्क्रू बंद केला, माठ रिकामा केला, दोन टाक्या पाणी सोडून दिलं (झाडांना, सासूबाईंच्या देखरेखीखाली). नवीन पाणी: पहिल्याच थेंबाला पिवळं.

मग रीतसर चाचणी. गायवान बाजूला ठेवला. चव घेणाऱ्यांची चिनी पद्धत: ३ ग्रॅम, १५० मिली, उकळतं पाणी, ५ मिनिटं झाकून. (आयएसओची पद्धत १०० मिलीला २ ग्रॅम आणि ६ मिनिटं अशी आहे; माझ्या मते कीमूनला तो सहावा मिनिट नको.) ही पद्धत क्रूर आहे, चहाचं काही लपत नाही. तीन कप: अ म्हणजे कंट्रोलर उघडा असतानाचं बाटलीत ठेवलेलं पाणी, ब म्हणजे आताचं, क म्हणजे ब ची पाच भांडी आणि नळाचं एक. कपांच्या बुडाला चिठ्ठ्या, जागा नवऱ्याने बदलल्या.

अ ओळखायला चिठ्ठी लागली नाही. ब चा रंग तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखा, वाफेतच गुलाब. पण घोट टोकदार, जवळजवळ आंबट, आणि मधे पोकळ, जसं तबला आहे पण डग्गा नाही. क मध्ये डग्गा आला. गुलाब थोडा मागे सरकला, पण त्याच्या खाली मनुका, कोको, अगदी शेवटी भट्टीचा हलका धूर. कपाच्या कडेला सोनेरी कडं. माझं केएच किट म्हणतं, क म्हणजे दोन ते तीन थेंबांच्या मधे.

आणि मग सगळ्यात सुखाची गोष्ट. क चा उरलेला कप विसरून गेले. तासाभराने पाहिलं तर गढूळ, दुधाचा थेंब पडल्यासारखा. पूर्वी मी तो ओतून दिला असता. चिनी लोक याला ‘लंग हौ हुन’ म्हणतात, थंड झाल्यावरचा गढूळपणा: कॅफीन आणि थिआफ्लेविन (लाल चहातलं आणखी एक रंगद्रव्य) एकमेकांना धरून बसतात. मालदार लाल चहाची खूण. गरम केला की पुन्हा नितळ. तीन वेळा गरम-गार करून पाहिला. काम काही नव्हतंच.

रात्री गायवान: ४ ग्रॅम, १०० मिली, ९० अंश, १०-१०-१५-२५ सेकंद आणि पुढे अंदाजाने. सात स्टीप निघाले. तिसरा सर्वोत्तम. ओलं पान तांबूस, लवचीक, सतेज. या पानाला मी शिळं म्हटलं होतं.

विक्रेत्याला माफीचं पत्र गेलं. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी: पाकिटावर तोडीचा हंगाम आणि वर्ष छापतो, आणि बी ला बी म्हणतो. नाहीतर जो तो ‘हाओ या ए’ विकतोय. तसंच त्या पूर्ण सोनेरी ‘चिन च्युन मेइ’ नावाच्या लाल चहाचं. खऱ्याचा जन्म २००५ चा, वुयी डोंगरातल्या थोंगमू गावातला, नुसत्या कोवळ्या कळ्यांचा. पाचशे ग्रॅमला हजारो कळ्या लागतात, आणि त्यात सोनेरीबरोबर काळं भरपूर असतं. नखशिखांत सोनं दिसलं तर बहुधा ते युन्नानचं पान. वाईट नसतं, पण किमतीला नाव दुसऱ्याचं.

आता पुढचं. ठरलेला बेत असा होता की पाकीट संपलं की कीमून माओफंग (कीमूनचाच दुसरा प्रकार) मागवायचा. तो रद्द. चहा पुरे, आधी पाणी. स्क्रू अर्धा फिरवून ठेवावा असं मनात होतं, पण टँकर रोज वेगळा, त्यामुळे पाच-एकचं मिश्रण हातानेच करणार आणि आठवड्याला केएच मोजणार. उन्हाळा संपून खडकवासल्याचं पाणी पुरेसं आलं की सगळं गणित पुन्हा मांडावं लागेल.

हे लिहितानाच आणखी एक डोक्यात आलं. चीनच्या तांग काळातले चहाचे जाणकार लू यू यांनी चहासाठी पाण्याची उतरंड लावली होती: डोंगरातलं पहिलं, नदीचं दुसरं, विहिरीचं शेवटचं. आमच्या बोअरच्या बाबतीत त्यांना साष्टांग दंडवत. पण चिपळूणला मामाच्या परसातली विहीर जांभ्यात खोदलेली आहे, आणि तिकडचं पाणी हलकं, तिथे डाळ दोन शिट्ट्यांत शिजते हे लहानपणापासून माहीत आहे. जांभ्याचं पाणी आणि छीमनचं पान! आत्ताच मामाला फोन केला. पाच लिटरचा कॅन भरून ठेव म्हटलं.

“पाणी न्यायला पुण्याहून येणार?” मामा म्हणाला. “मग आंबेही ने.”

म्हणजे नोंद आठवी चिपळूणहून. केएचचे थेंब भाच्याने उसने दिलेत, बाटलीत अर्धेच उरलेत, जपून वापरायचेत.