फिल्टर आहे ना, मग गोळी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो. ट्रेकला गेलं की गडावरच्या टाक्याशी बसून फिल्टरची पिशवी दाबत पाणी गाळायचं, आणि ते नितळ पाणी बाटलीत आलं की त्यात क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास घड्याळाकडे बघत बसायचं. "फिल्टरवर भरवसा नाही, तर घेतलात कशाला?" हा एक प्रश्न. दुसरा अगदी उलट टोकाचा : "मावळे हेच पाणी प्यायचे ना?"

मावळ्यांचं आधी संपवू. त्यांनी गडांवर शौचकूप बांधले होते. आपण शनिवारी रात्री टाक्याच्या वरच्या अंगाला तंबू ठोकतो आणि सकाळी झुडूप शोधतो. वळवाची एक सर आली की ते सगळं उतारानं कुठे येतं, ते सांगायला नको.

फिल्टरचं मात्र नीट सांगावं लागेल. पिशवीला लावायच्या त्या नळकांड्यात पोकळ तंतूंचा जुडगा असतो आणि तंतूंच्या भिंतीतली छिद्रं ०.१ मायक्रॉनची असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जुलाब लावणारे परजीवी घ्या : क्रिप्टोस्पोरिडियम ४ ते ६ मायक्रॉनचा, जिआर्डिया त्याहून मोठा, पटकी-टायफॉइडचे जिवाणूही छिद्रापेक्षा कितीतरी जाड. सगळे अडकतात. पण 'अ' काविळीचा (हिपॅटायटिस ए) विषाणू ०.०२७ मायक्रॉनचा. त्याला हे छिद्र म्हणजे सताड उघडं दार. अमेरिकेतल्या लांबच्या पायवाटांवर लोक विषाणूंची फारशी फिकीर करत नाहीत, कारण हे विषाणू माणसाच्या मैल्यातून येतात आणि तिथे ओढ्याच्या वर बहुतेक ठिकाणी वस्तीच नसते. फिल्टर घेताना आपण तो सल्लाही उचलला. सह्याद्रीत वर वाडी नाही, गुरं नाहीत, तंबू नाहीत, असं पाणी किती ठिकाणी आहे? हे आज विचारणारा मी कित्येक वर्षं नवख्यांना "०.१ पुरे" असं ठासून सांगत होतो.

मग रतनगड–कात्राबाई–हरिश्चंद्रगड हा ट्रेक झाला. मार्च, तीन दिवस, आठ माणसं, एक फिल्टर. माणशी चार लिटर धरलं तरी दिवसाला ३२ लिटर गाळायचं. कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत गावाकडे उतरताना ओढे आटलेले होते. एका झिऱ्यातलं मातकट पाणी फडकं न लावताच पिशवीत भरलं. मिनिट-दीड मिनिटात लिटर देणारा फिल्टर सहा मिनिटांवर गेला. तंतूंवर गाळाची साय धरली की असंच होतं, आणि त्यावर उपाय एकच : सिरिंजनं बाहेरच्या तोंडातून उलटं पाणी मारायचं. सिरिंज सॅकमध्ये होती. ती हरिश्चंद्रगडावर मी थेट टाक्यात बुडवून भरली. उलटं मारायचं पाणी गाळलेलंच हवं, कारण ते स्वच्छ बाजूनं आत शिरतं. तिथे कच्चं पाणी घातलं की पुढे येणारा प्रत्येक थेंब त्या मळलेल्या बाजूवरून बाटलीत. एकानं हटकलंही. त्याला म्हणालो, "अरे, बाहेरच तर ढकलतोय."

सव्वीस दिवसांनी गटातल्या सर्वांत लहान पोराचे डोळे पिवळे झाले. तपासणीत 'अ' कावीळ निघाली. विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, सरासरी २८. हिशेब जुळतो. पण नुसता जुळतो. त्याच काळात त्यानं पायथ्याला बर्फ घातलेलं सरबत प्यायलं होतं, घरी आल्यावर भेळ खाल्ली होती. मग मी म्हणायला लागलो, बाकीच्या सात जणांना कुठे काय झालं? हेही लंगडंच. आपल्याकडे पुष्कळांना ही कावीळ लहानपणी, बऱ्याचदा नकळत, होऊन गेलेली असते आणि नंतर ती पुन्हा होत नाही. सात जण ठणठणीत राहिले म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही. आणि गंमत म्हणजे सिरिंज गाळलेल्या पाण्यानं भरली असती तरी विषाणू त्या छिद्रांतून आरामात आलाच असता. म्हणजे ज्या चुकीबद्दल मी स्वतःला बोल लावतो ती कदाचित इथे गैरलागू आहे, आणि खरी चूक "०.१ पुरे" हीच. का दोन्ही नाही आणि भेळच? कुणीही सांगू शकणार नाही.

आता असं करतो. पाणी गढूळ असेल तर भांड्यात तुरटीचा खडा पाच-सात वेळा फिरवून तासभर निवळू देतो, आणि वरचं पाणी चौपदरी सुती फडक्यातून पिशवीत ओततो. तळचा गाळ हलला तर सगळी मेहनत वाया. फडक्याला हसू नका. नारूची कृमी ज्या बारीक पाणपिसवांतून पोटात जायची त्या फडक्यातच अडकायच्या. २००० साली भारत नारूमुक्त ठरला, त्यात या फडक्याचाही वाटा आहे.

कच्च्या पाण्याला हात लावणारा एक, बाटली धरणारा दुसरा. पिशवीच्या आट्यांवरून ओघळलेला थेंब बाटलीत पडला तर फिल्टरचा उपयोग काय? मग गोळी. ती किती लिटरची आहे ते पाकिटावर वाचा. २० लिटरची गोळी एका लिटरात टाकून "फिनेल लागतंय" म्हणणारे दर वेळी भेटतात. पाच मिनिटांनी झाकण किंचित सैल करून बाटली उलटी करायची, म्हणजे आट्यांतलं कच्चं पाणीही धुऊन निघतं. एकूण ३० मिनिटं, थंडीत तासभर. लिंबू किंवा कोकम त्यानंतरच, कारण 'क' जीवनसत्त्व क्लोरीन निकामी करतं. क्रिप्टो क्लोरीनला दाद देत नाही, तो फिल्टरनं अडतो. विषाणू फिल्टरला दाद देत नाहीत, ते क्लोरीननं मरतात. म्हणून दोन्ही.

पाणी उकळलं तर नुसत्या उकळण्यानंच भागतं. कळसूबाईचा माथासुद्धा १६४६ मीटरवर, म्हणजे एक मिनिट खळखळून पुरे. तीन मिनिटांचा नियम दोन हजार मीटरच्या वरचा. पण ३२ लिटरला गॅस कोण वाहणार? आणि मार्चच्या वाळल्या गवतात चूल पेटवायला मी सांगणार नाही.

पाण्यावर हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखी साय असेल तर मात्र काहीच चालत नाही. त्या शेवाळाचं विष ना या फिल्टरनं अडतं, ना गोळीनं, ना उकळून जातं. तहान मारून पुढचं टाकं गाठायचं, शक्यतो सावलीतलं खांबटाकं, म्हणजे खडकात आत कोरलेलं, खांबांवर छत असलेलं टाकं.

तो पोरगा हल्ली आमच्याबरोबर येतो आणि गोळी टाकत नाही. "मला आता पुन्हा होणार नाही," म्हणतो. 'इ' काविळीचा विषाणू वेगळा, जुलाब-उलट्यांचे रोटा आणि नोरो हे विषाणू वेगळे, हे त्याला दोनदा समजावलं. त्यानं विचारलं, "तुम्ही ०.१ पुरे म्हणाला होतात, तेव्हाही एवढ्याच खात्रीनं म्हणाला होतात ना?"